देणे की परत करणे?

वर्धा जिल्ह्यात कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारे हात बहुधा स्त्रीचेच असतात. सातबाऱ्यावरील नाव मात्र बहुधा पुरुषाचे. कर्जापायी पतीने जीवन संपवले, की त्याच शेताची वारस ठरण्यासाठी तिला तलाठ्याचे उंबरठे झिजवावे लागतात.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: पतीने आपल्या जमिनीचा वाटा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा. अनेकांनी तसे केले. परंतु याला आपण दान म्हणावे काय? जिच्या घामाने ती माती पिकली, तिचा वाटा तिच्या हाती देणे हे औदार्य नव्हे, ती ऋणफेड आहे.

हा प्रश्न वर्ध्यापुरताच नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत मुलामुलींना समान वाटा दिला आहे. तरीही वडिलांच्या माघारी आम्ही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो आणि तिच्या सहीला माया म्हणतो. सही न केल्यास माहेर तुटेल, हे भय तिच्या मनात असेल, तर ती माया कशी? कापूस वेचणारीच्या नावाविषयी बोलण्यापूर्वी आपण आपल्या घरातील तो कागद पुन्हा वाचावा.