खालीच्या चार मात्रा
लंडनच्या हॅरोतलं ते घर पाहायला गेले तेव्हा पर्समध्ये स्टीलचं फुलपात्र नेलं होतं. तोंड भिंतीला, बुडाला कान. एजंट अवघडून खिडकीबाहेर बघत राहिला. पलीकडून काही म्हणता काही ऐकू येईना. "बघा, किती शांत!" तो म्हणाला.

पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं, दर्शनं शिकले, त्याचा संसाराला उपयोग झाला तो त्या क्षणी. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे तो तिथे नाही. पण अट कडक आहे: असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. काळोखात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. मंगळवारी सकाळी अकराला पलीकडे कुणी घरात होतं का, एजंटला ठाऊक नव्हतं. मग ही शांतता भिंतीची की रिकाम्या घराची?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेकडेने अशा 'सेमी' घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. दोन घरं, एक छप्पर, मधे सामाईक भिंत. या घराची नऊ इंची भरीव विटेची. नव्या घरांच्या भिंतीने किमान ४५ डेसिबलचा अडसर घालावा, असा नियम इंग्लंडात २००३ पासून आहे. नव्वद वर्षांच्या घराला तो कोण लावणार? सर्व्हेअर ओल बघतो, छप्पर बघतो. कान आपलाच लावायचा. भिंतीला जिने टेकलेले असतील तर नशीब, जिन्यात बसून कुणी टीव्ही बघत नाही. इथे मात्र दिवाणखान्याला दिवाणखाना, धुराड्याला धुराडं.

संध्याकाळी सातला पुन्हा गेले. बातम्या चालू आहेत एवढं कळत होतं, बातमी कळत नव्हती.

नैयायिकांच्या मते शब्द, म्हणजे आवाज, हा आकाशाचा गुण. तो इथून तिथे चालत जात नाही. लाटेतून लाट उठावी तसा एका शब्दातून दुसरा उपजतो आणि आपण ऐकतो तो आपल्याच कानाच्या पोकळीत जन्मलेला शेवटचा. भिंतीचंही तसंच. ती थरथरते आणि अलीकडे नवा आवाज काढते. मग तो आवाज शेजाऱ्याचा कसा म्हणायचा? तक्रार करताना मात्र आपण मालक बरोबर शोधतो.

मी शेजाऱ्यांची बेल वाजवली. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, एकटे. "इथे आवाज येतो का हो?" असं विचारायला गेले होते. त्यांनीच मला आधी विचारलं, "तुमच्याकडे कुणी काही वाजवतं?"

नवरा तबला वाजवतो. रोज. 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, खोटं कशाला बोलू. दोनदा त्या घराची परीक्षा घेतली, पण आम्ही पलीकडे कसे ऐकू येऊ हे एकदाही मनात आलं नव्हतं. शेवटी तबल्याचं बोलून टाकलं.

"मग आणा की एकदा," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेला, रविवारी, मालकांच्या परवानगीने नवरा त्या दिवाणखान्यात मांडी घालून बसला आणि मी भिंतीपलीकडे, त्यांच्या सोफ्यावर, हातात चहाचा मग. त्याने विलंबित तीनताल धरला. उजव्या तबल्याची चाट काही पोचत नव्हती. पोचत होता तो डग्गा; खर्जाला भिंत फारशी अडवत नाही. धा, धिं, धिं, धा असा नुसता घुमारा. आणि दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, जिथे तालाची खाली दाखवायला डग्गा उचलतात, तिथे भिंत गप्प.

"थांबला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, वाजवतोय," मी म्हटलं आणि बोटांवर मात्रा मोजू लागले.