पोटातली जागा

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाची ओपीडी असो की खासगी दवाखाना, सिल्लोड-कन्नड-वैजापूरकडून पोराला घेऊन आलेले आईबाप आधी हेच विचारतात, "डॉक्टर, टाके किती पडतील?" प्रश्न रास्त आहे. पण दुर्बिणीचं ऑपरेशन मुलाला किती जड जाणार, हे टाक्यांवरून कळत नाही. ते पोटातल्या जागेवर ठरतं.

पूर्वी मोठा छेद घेत, तो सर्जनची नजर आणि हात आत पोहोचावेत म्हणून. १९८० मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतूनच पित्ताशय काढलं. नजरेचं काम कॅमेऱ्यानं आणि हाताचं काम बारीक अवजारांनी घेतलं, तशी मोठ्या छेदाची गरज सरली. मात्र छेद आणखी एक काम करत होता: तो जागा मोकळी करून देत होता. बंद पोटात पोकळी नसते. आतडी, यकृत, पोटाची भिंत सगळं एकमेकांना टेकलेलं. म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून भिंत तंबूसारखी उचलतात. हा वायू पेट घेत नाही, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो.

मोठ्या माणसाच्या पोटात हा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. तान्ह्या बाळात ६ ते ८. नवजात बाळाच्या पोटात लिटरभर वायूही मावत नाही. शिवाय तान्हं बाळ मुख्यतः श्वासपटलाच्या बळावर श्वास घेतं. पोट फुगवलं की तेच पटल वर ढकललं जातं, आणि वजनाच्या मानानं वायूही रक्तात जास्त शोषला जातो. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर खिळलेली असते. आकडा चढू लागला की तो व्हेंटिलेटरचा वेग वाढवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर दाब उतरवायला सांगतो. ३ मिलिमीटरच्या अवजारानं गाठ मारणारे सर्जनचे हात तेवढा वेळ थांबतात.

त्यामुळे जागा कणाकणानं मिळवावी लागते. रडताना गिळलेली हवा नाकातल्या नळीनं काढतात. लघवीची पिशवी रिकामी करतात, कारण तान्ह्या बाळात ती ओटीपोटाबाहेर, वर पोटात आलेली असते.

एकाच सर्जननं एका मुलाला दुर्बीण सुचवावी आणि दुसऱ्याला नको म्हणावं, हेही मग उमगतं. हाताला न लागणारं वृषण शोधायचं असेल तर आतडी बाजूला सरकतात, वाट मोकळी मिळते. आतडं अडकून पोट तट्ट फुगलेलं असेल, तर फुगलेल्या आतड्यांनीच सगळी जागा खाल्लेली असते. तिथं अनेकदा पोट उघडणंच सुरक्षित.

दुर्बिणीनं दुखणं कमी होतं, मूल लवकर खायला लागतं आणि लवकर घरी जातं. पण संमतीच्या सहीआधी टाक्यांच्या प्रश्नाला आणखी दोन जोडावेत: तान्ह्या मुलांना भूल देण्याचा सराव असलेलं कोण आहे? आणि जागा पुरली नाही, तर पोट उघडायचं कधी ठरवणार?