सुटलेल्या गोळीचे उत्तरदायित्व

बंदुकीची गोळी काही अंतर सरळ जाते आणि वेग ओसरला की खाली वळते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः नळीचा आधार सुटताच ती पडू लागते. कासुर्डीच्या एखाद्या सपाट रानात छातीच्या उंचीवरून एक गोळी आडवी झाडली आणि त्याच क्षणी, तितक्याच उंचीवरून, दुसरी नुसती हातातून सोडली, तर हवेचा अडथळा वगळता दोन्ही एकाच वेळी भुईला टेकतील. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या गतीचे गणित मांडले.

नेमबाज हे जाणून असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. एवढ्या अंतरात गोळी सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते आणि दहा गुणांचे वर्तुळ असते जेमतेम एक सेंटिमीटरचे! म्हणून नळी आधीच किंचित वर रोखलेली असते. पडणे टाळता येत नाही; ते हिशेबात धरावे लागते.

याउलट, लग्नाच्या वरातीत आकाशाकडे गोळी झाडणारा म्हणतो, ‘मी कोणावरही नेम धरला नव्हता.’ पण वर गेलेली गोळी खाली येणारच, हे त्याला ठाऊक नसते काय? दोघांनी अशा गोळ्या झाडल्या. एकीची माती झाली, दुसरीने एका बालकाचा जीव घेतला. दोघांचा दोष सारखाच मानावा काय?

आम्हांस वाटते, चाप ओढण्याच्या क्षणी दोघांचा दोष सारखाच असतो. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनेही इतरांचा जीव धोक्यात घालणारा असा गोळीबार, कोणी जखमी झाले नाही तरी, गुन्हा ठरविला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. मात्र ज्याच्या गोळीने बालक गेले, त्याच्यावर त्या घराचे जे ऋण चढते, ते दुसऱ्यावर चढत नाही. म्हणून दुसरा निर्दोष ठरतो काय? नाही. त्याला लाभले ते दैव, निरपराधित्व नव्हे. गोळी कोठे पडावी हे त्याच्या हाती नव्हते. ती झाडावी की नाही, एवढे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती होते.