आधी कप्लर उघड, मग पार्ट बदल

रत्नागिरी

चि. बाबू यास,


परवा तुझा फोन आला. गाडी चढावर झटके देते, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं आणि गॅरेजवाला सेन्सर बदलायला सांगतोय, असं तू म्हणालास. मी तुला एवढंच सांगितलं, की दोन दिवस थांब, काही विकत घेऊ नकोस. त्यामागचं कारण फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम शिकलो ते कार्बुरेटरच्या गाड्यांवर. तेव्हा इंजिनाला वीज लागायची ती मुख्यतः ठिणगीसाठी. 2000 सालच्या सुमारास आपल्याकडे फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या आणि पेट्रोल किती द्यायचं हे गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवू लागला. तो स्वतः इंजिन पाहत नाही. पाणी किती तापलं, हवा किती आली, थ्रॉटल किती उघडलाय हे त्याला सेन्सर कळवतात, तेही साधारण 5 व्होल्टच्या आतल्या बारीक बदलांतून. हा निरोप ज्या वाटेने जातो तिच्यावर ठिकठिकाणी वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे कप्लर असतात. कप्लर खराब झाला, की सेन्सर खरं बोलत असूनही ईसीयूला खोटं ऐकू येतं.

इथल्या समुद्रकाठच्या मिऱ्याकडे राहणाऱ्या एका मास्तरांची गाडी मला आजही आठवते. गाडी रात्रंदिवस खाऱ्या वाऱ्यात उभी असायची. तक्रार अशी, की इंजिन गरम झालं की काळा धूर, पेट्रोलचा वास आणि अ‍ॅव्हरेज निम्म्यावर. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मी बदलून दिला. गाडी सुधारली. तीन आठवड्यांनी मास्तर तीच तक्रार घेऊन परत आले. स्कॅनर लावला तर दोषाचा एकही कोड नाही. पण स्क्रीनवर तापमान 62 अंश दिसत होतं आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लाववत नव्हता. तेव्हा मी कप्लर उघडून उन्हात धरला. आतलं रबरी सील एका बाजूला फाटलेलं होतं आणि दोनपैकी एका पिनेच्या बुडाशी हिरवी भुकटी बसली होती. ती साफ केली, सील बदललं, कप्लर बसवला. गाडी गरम झाल्यावर स्क्रीनवर 88 अंश आले. सेन्सरचे पैसे मी मास्तरांना परत केले, कारण जुना सेन्सर चांगलाच होता.

मग तीन आठवडे गाडी नीट कशी चालली? नवा पार्ट लावताना कप्लर काढला जातो, परत घातला जातो. त्या घासण्यानं पिनेवरची घाण थोडी खरवडली जाते आणि काही दिवस जोड चांगला लागतो. सगळ्यांना वाटतं, पार्टच गेला होता. गिऱ्हाइकाचे किती पैसे अशा समजुतीवर खर्च होतात ते मी आयुष्यभर पाहिलं आहे.

यातलं गणित समजून घे. पाण्याच्या तापमानाच्या या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. नेहमीच्या सेन्सरमध्ये 20 अंशांना तो साधारण 2,500 ओहम असतो, 60 अंशांना 600 आणि 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास. गंजानं आणखी 280 ओहम वाढवले, तर गार इंजिनाला त्याचा फारसा फरक पडत नाही. पण 80 अंशांचं इंजिन ईसीयूला 60 चं वाटतं. इंजिन अजून थंड आहे असं समजून तो पेट्रोल जास्त सोडतो. रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरच्या भरवशावर चालत असेल, तर तो उशिरा लागतो आणि इंजिन उकळू शकतं. 60 अंश हा आकडा अशक्य नाही, म्हणून ईसीयूला शंका येत नाही आणि स्कॅनरला कोडही मिळत नाही.

जिथे करंट मोठा, तिथे तर अगदी थोडा रोधही पुरतो. सेल्फ मारताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट जातो. बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा बॉडी अर्थच्या पट्टीवर एक शतांश ओहम रोध वाढला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज, हा नियम ओहमनं 1827 मध्ये मांडला. हा तोटा घरी पाहायचा असेल तर मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटावर धर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. मीटर 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर जोड उघडून साफ करायलाच हवा.

जोड खराब व्हायला समुद्रच लागतो असं नाही. तुझ्या पुण्यातही पाऊस आहे, इंजिन प्रेशरनं धुण्याची हौस आहे, वायरिंग कुरतडणारे उंदीर आहेत. शिवाय इंजिनाच्या थरथरीनं कथिलाचा मुलामा असलेल्या पिना एकमेकींवर सतत किंचित घासतात आणि तिथे काळसर थर जमतो. तो वरून दिसतही नाही.

आता काम. इंजिन गार असू दे. चावी काढ, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोड. प्रत्येक कप्लर उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढ. लॉक दाबून प्लॅस्टिकला धरून ओढ, वायरला धरून कधीही नाही. आत हिरवं, पांढरं, काळं काही दिसतंय का, पाणी आहे का, पिन वाकली आहे का, सील जागेवर आहे का, ते पाहा. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार, मऊ नायलॉन ब्रशनं हलकं घास, पुन्हा फवार आणि पूर्ण वाळू दे. पॉलिश पेपर लावू नकोस, मुलामा निघाला की गंज लवकर येतो. पेट्रोलनं धुऊ नकोस, ते पेट घेतं आणि रबर फुगवतं. मल्टीमीटरची जाड सुई पिनेच्या घरात खुपसू नकोस. घर फाकलं की जोड कायमचा सैल होतो.

त्यानंतर ग्रीस. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस घे. चेसिसचं ग्रीस इथे चालत नाही. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, याची पक्की नोंद ठेव. पिना एकमेकींत बसताना ते बाजूला सारतात आणि धातूला धातू लागतो. उरलेलं ग्रीस भोवती राहून पाणी आणि हवा अडवतं. म्हणून सीलवर आणि कडेला पातळ हात पुरे. कप्लर ठासून भरलास तर तो पूर्ण बसत नाही. दाबल्यावर लॉकचा ‘टक्’ असा आवाज ऐकू आलाच पाहिजे. बॅटरीची टर्मिनलं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, कोरडी कर, घट्ट आवळ आणि वर व्हॅसलिन लाव. वायर जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला आयडलिंग वरखाली होईल. ईसीयू पुन्हा शिकतो, थोडं चालवलंस की बसतं.

तीन ठिकाणी मात्र माझं ऐक. सायलेन्सरच्या पाइपवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या कप्लरला ग्रीस लावू नकोस. पुष्कळ ऑक्सिजन सेन्सर वायरींच्या आतून बाहेरची हवा घेतात, ती वाट बंद झाली की सेन्सर चुकीचं सांगू लागतो. पिवळे कप्लर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी जाड वायरींत जीवघेणा व्होल्टेज असतो, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

यानं गाडीची ताकद कंपनीनं दिली त्यापेक्षा वाढेल असं मी म्हणणार नाही. हरवलेली ताकद परत मिळते, तेवढीच. जे कप्लर कोरडे, घट्ट आणि स्वच्छ आहेत ते उगाच उघडत बसू नकोस. पिन जळलेली असेल किंवा वायर आवरणाच्या आत हिरवी झाली असेल, तर साफ करून भागणार नाही, तेवढा तुकडा नवा जोडून घ्यावा लागेल. आणि हे सगळं करूनही झटके राहिले, तर प्लग, कॉइल, फ्युएल पंप तपासायला सांग. सेन्सरच बिघडला असेल तर तो जरूर बदल.

पण त्याआधी गॅरेजमध्ये एक गोष्ट नम्रपणे माग. पार्ट बदलण्यापूर्वी त्याचा कप्लर माझ्यासमोर उघडा, आणि पिना मला दाखवा. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही. दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत खरा दोष किती वेळा सापडतो ते तुला स्वतःलाच कळेल.

गणपतीला येशील तेव्हा गाडी घेऊनच ये. क्लीनर, ब्रश आणि ग्रीस इथे आहे. अंगणात बॉनेट उघडू आणि पहिला कप्लर तू तुझ्या हातानं काढ.

तुझा
मामा