मनूचे मडके आणि काचेची टाकी

घरातला मासा मेला की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: घरावरची बला माशाने स्वतःवर घेतली. फेंगशुईच्या नावाखाली आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा असा संच ठेवायला सांगतात. काळा मासा अरिष्ट शोषून घेतो, ही समजूत. मेलेला काढायचा, दुसरा आणायचा. वऱ्हाडातल्या तिवस्याच्या उन्हाळ्यात हा फेरा थांबणे कठीणच, पण त्याचे कारण ग्रहांत नसून पाण्यात आहे.

गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7. माशाची गरज मात्र उष्म्याने वाढते. त्यात त्याच्या शरीरातून सुटणारा अमोनिया लहान भांड्यात साचतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते पाणवनस्पती शोषून घेतात. पण नव्या टाकीत या जीवाणूंचे बस्तान बसायला काही आठवडे लागतात. आज आणलेल्या गोल भांड्यात ना जीवाणू, ना एक पान. तिथला मासा गुदमरून किंवा विषाने मरतो. त्याला बलिदान म्हणणे हा आपला निष्काळजीपणा देवाधर्मावर ढकलण्याचा प्रकार आहे.

मग जिवाला कोंडून त्याच्यावर दया करता येते का?

शतपथ ब्राह्मणात या प्रश्नाला हात घालणारी कथा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत इवलासा मासा येतो आणि अभय मागतो. मोठे मासे लहानांना गिळतात, तेव्हा मला सांभाळ. मनू त्याला मडक्यात ठेवतो. मडके अपुरे पडल्यावर खड्डा खणतो, खड्डाही पुरेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा त्याची नाव ओढतो. आपण कथेतला प्रलय लक्षात ठेवतो. खरे तर मडक्यापासून समुद्रापर्यंतचा भाग अधिक मोलाचा आहे, कारण तिथे पाळणाऱ्याचे कर्तव्य माशाच्या वाढीने ठरते, पाळणाऱ्याच्या दिवाणखान्याने नव्हे.

आणखी एक गोष्ट. मनूच्या माशाने आसरा मागितला होता. तिवस्याशेजारच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रातला ससाही कुत्र्यांच्या भयाने स्वतःहून चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला. काचेतल्या माशाने काहीच मागितलेले नसते. म्हणून त्याच्याबाबतीत पाळणाऱ्याची जबाबदारी मनूहून जास्त.

ती पेलता येते. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी टाकीत गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी यांचा समतोल साधून दाखवला. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला आपल्याकडच्या पाण्यातही वाढतात. याच्या उलट टोकाच्या गोल भांड्यात मासे ठेवण्यावर रोम शहराने 2005 मध्ये बंदीच घातली.

कंटाळा आल्यावर मासा नदीत सोडून पुण्य मिळवणे मात्र मनूच्या वाटेने जाणे नव्हे. मनूने माशाला त्याच्या घरी पोचवले. परदेशी गप्पी माशाचे घर वर्धा नदी नाही. शोभेसाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून भारतात आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला अध्याय देणाऱ्या तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम तिवसा तालुक्यातच मोझरीला आहे, आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर याच तालुक्यात वर्धेच्या काठी. इथे नदीचे पाणी हा श्रद्धेचाही विषय आहे.

महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिळसेश्वराच्या डोहात महासीर मासे देवाचे म्हणून राखले आहेत. त्यांना कोणी पकडत नाही. मुलांना मासे दाखवायचे तर आधी तिथे न्यावे.

तरीही घरात टाकी हवीच असेल, तर गोल्डफिश टाळावा आणि पृष्ठभागावर येऊन हवा घेणारी, उष्मा सोसणारी गुरामी निवडावी. आधी वनस्पती लावाव्यात, महिनाभर पाणी मुरू द्यावे, मगच मोजके मासे आणावेत. सांभाळणे जमेनासे झाले तर ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. वर्धेत सोडू नयेत.