सही झाल्यानंतरचे तास

पहिल्या महायुद्धाच्या विरामावर ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे फ्रान्समधील काँपिएन्यच्या अरण्यात सह्या झाल्या. तोफा मात्र सकाळी अकराला थांबावयाच्या होत्या. मधल्या वेळेत कित्येक सेनापतींनी आपले सैन्य जागीच रोखले. अमेरिकन सेनापती राईट यांनी मात्र, दमल्याभागल्या जवानांना स्नानाची सोय व्हावी म्हणून, स्तेने हे गाव लढून घेतले. थोडा धीर धरला असता, तर रक्त न सांडता तेथे जाता आले असते.

त्यांनी नियम मोडला नाही. हेतूही मायेचाच होता. तरीही आम्हांस वाटते, समेट झाल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर त्यानंतरच्या प्रत्येक मृत्यूचा भार अधिक पडतो. नियमाने दिलेली मुभा म्हणजे सदसद्विवेकाची अनुमती नव्हे.