थोडं थांबायचं

श्रोतेहो, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात नाताळ जवळ आला की घरोघरी चॉकलेटची 'ब्रुन्स्ली' बिस्किटं होतात. त्यांत मैदा नसतो. बदामाची पूड, काळं चॉकलेट, साखर, अंड्याचा पांढरा भाग, दालचिनी आणि लवंग. गोळा साखरेवर लाटतात. साच्याने चांदण्या कापतात. मग थोडं थांबायचं. कापलेल्या चांदण्या काही तास उघड्यावर सुकतात. घाई केली तर आकार नीट राहत नाही. भट्टीत मात्र त्या काही मिनिटंच. जास्त भाजल्या की आतला मऊपणा गेलाच.

माणसांशी वागतानाही थोडं थांबायचं असतं. रागावलेल्या माणसाला लगेच समजावायला गेलं की बोलणं बिघडतं. थोडं थांबायचं, हे सोपं नाही. पण ते मायेचंच काम आहे. श्रोतेहो, आज घरात कुणी चिडून बोललं, तर उत्तर देण्याआधी थोडं थांबा.